वहिनी या नात्यासाठी ही रजा लागू नाही

माझ्या टेबलासमोरची खुर्ची कंपनीनं उचलून नेली, तेव्हाच मला कळायला हवं होतं की पुढं काय वाढून ठेवलंय.

तशी रीतसर सांगून नेली. पुण्याच्या हेड ऑफिसमधून ईमेल आला, की यापुढं एचआरला एचआर म्हणायचं नाही, 'पीपल अँड कल्चर' म्हणायचं. आणि रजा, तक्रार, पगाराची शंका असल्या कामांसाठी कामगारांनी या खात्याच्या केबिनमध्ये यायचं नाही, सगळं मोबाईलवरच्या 'सोबती'ला सांगायचं. सोबती म्हणजे ॲप. त्यात एक गोड आवाजाची बाई आहे. ती शुद्ध मराठी बोलते, दिवसरात्र जागी असते आणि कधी चिडत नाही. मी चिडते. कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ट्रॅक्टरचे सुटे भाग होतात आणि मी तिथं बरीच वर्षं एचआर ऑफिसर आहे. न चिडता ही नोकरी करणारं माणूस कुणी मला दाखवावंच.

तर खुर्ची गेली. त्या खुर्चीवर बसून लोक काय काय सांगायचे! कुणाची म्हैस अडली, कुणाच्या पोरीला बघायला पाहुणे येणार, कुणाचं सासऱ्याशी वाजलं. त्यातल्या निम्म्या थापा असायच्या आणि ते मलाही ठाऊक असायचं, सांगणाऱ्यालाही. मी म्हणायची, "खरं सांगा, गावात जत्रा आहे ना?" समोरचा ओशाळून हसायचा, "व्हय की म्याडम." मग एक दिवस मिळायचा. माझे वडील सूतगिरणीत कामगार होते, युनियनचं काम करायचे. मला ही नोकरी लागली तेव्हा त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "निशा, माणसाला आधी बसव आणि मग बोल. उभ्या माणसाचा लगेच अर्जदार होतो." आता माणूस बसतही नाही आणि उभाही राहत नाही. कँटीनच्या कोपऱ्यात जाऊन मोबाईलशी बोलतो.

राजवीर सर म्हणजे पुण्यातले आमचे खातेप्रमुख. वयानं माझ्यापेक्षा लहान, डिग्र्यांनी मोठे. बोलायला गोड. व्हिडिओ मीटिंगमध्ये त्यांनी मला समजावलं, "निशा, लोकल माणूस रजा देतो तेव्हा त्यात बायस येतो. ओळखीच्याला मिळते, बुजऱ्याला मिळत नाही. सिस्टीमला ओळखपाळख नसते, म्हणून ती फेअर असते."

त्यात तथ्य होतं. साहेबाच्या गावकीतल्याला, भावकीतल्याला रजा मिळायची आणि आमच्या समाजातल्या माणसाला 'बघू' मिळायचं, हे वडिलांनी सूतगिरणीत भोगलं होतं. म्हटलं, यंत्राला निदान जात तरी कळणार नाही. होऊ दे.

मग काळजी-रजा आली. आई, वडील, नवरा किंवा बायको, मुलं, यांच्यापैकी कुणी आजारी असेल तर भरपगारी रजा. मोठमोठ्या कंपन्यांत आता असं असतं म्हणे. त्या दिवशी केक कापला, फुगे लावले, सगळ्यांना हसऱ्या चेहऱ्याचे बिल्ले दिले. मला मनापासून आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. मीच मशिन शॉपमध्ये फिरून ओरडून सांगितलं, "घरात कुणी आजारी असेल तर लाजू नका, मागा." आणि दादासोनं मागितली.

दादासो मशिन शॉपमधला जुना ऑपरेटर. बिद्रीच्या पुढच्या एका वाडीतला. घरी ऊस, दोन म्हशी आणि खंडीभर भावकी. कामाला वाघ, पण आवाज असा की हा माणूस कुजबुजला तरी पलीकडच्या शेडमध्ये ऐकू जावं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो कँटीनमध्ये सोबतीशी बोलायला बसला तेव्हा मी शेजारच्या टेबलावर चहा पीत होते. त्यामुळं झालं ते सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि माझ्याबरोबर अख्ख्या कँटीननं ऐकलं.

"वैनीचं हार्टचं ऑपरेशन हाय सोमवारी," दादासो मोबाईल तोंडासमोर पावासारखा धरून म्हणाला. "रजा पायजे. ती नवी काळजीची."

"नमस्कार दादासो! आपल्या वहिनींच्या प्रकृतीबद्दल ऐकून वाईट वाटले," बाई म्हणाली. "मात्र वहिनी या नात्यासाठी ही रजा लागू नाही."

"आवो, वैनी म्हंजे माझी आई."

"आपण वहिनींना आईसमान मानता, हे कौतुकास्पद आहे."

कँटीन हसलं. दादासोचे कान लाल झाले.

"आईसमान न्हवं ओ! आई! जल्म दिल्याली!"

"क्षमा करा दादासो. आपल्या आईचे गेल्या वर्षी निधन झाल्याची नोंद आहे. आम्ही आजही आपल्या दुःखात सहभागी आहोत."

"आरं तुझ्या आयला!" दादासो ओरडला.

"मी एक डिजिटल सहायक आहे. मला आई नाही," बाई तितक्याच गोडपणे म्हणाली.

लोक पोट धरून हसले. मलाही हसू आलं, नाही असं नाही. पण टेबलावरच्या माझ्या मोबाईलनं टिंग केलं आणि हसू तिथंच थांबलं. दादासोच्या नावापुढं लाल निशाणी आली होती. 'विसंगती आढळली. कर्मचाऱ्याने दोन वेगवेगळ्या व्यक्तींना आई म्हटले आहे.'

संध्याकाळच्या आत पुण्याहून पत्र आलं. पत्र कसलं, तेही यंत्रानंच लिहिलेलं. आपण आईच्या मृत्यूची खोटी माहिती देऊन गेल्या वर्षी शोक-रजा घेतली, असे निदर्शनास आले आहे. हे मान्य असल्यास खाली सही करावी, म्हणजे समज देऊन प्रकरण मिटवण्यात येईल व नव्या रजेचा विचार होईल. मान्य नसल्यास चौकशी होईल. माझं काम एवढंच, की छापायचं, द्यायचं, सही घ्यायची.

दादासो केबिनमध्ये आला आणि बसायला खुर्ची शोधू लागला. मी उठले आणि त्याला माझ्या खुर्चीवर बसवलं. तो नको नको म्हणत होता, पण मी ऐकलं नाही. मी उभी राहिले. पत्र त्यानं दोनदा वाचलं. तोंडातल्या तोंडात वाचत होता तरी बाहेरचा वॉचमन आत डोकावून गेला.

"म्याडम, जित्या आईला मेली म्हणून रजा खाल्ली, असं लिवलंय व्हय ह्यात?"

"तसंच लिहिलंय."

"आन ह्याच्यावर म्या सही करू? सोमवारी तिची छाती उघडणार हाईत डाक्टर. आन आज म्या लिवून देऊ की..." त्यानं पत्राची घडी घातली. "कँटीनमधली पोरं आत्ताच इचारायलीत, दादासो, आनी किती आया मारल्यास म्हणून. उद्या गावात जाईल ही गोष्ट. माझी पोरं हाईत तिथं शाळंला."

"मग गेल्या वर्षी वारली ती कोण?"

"आई की."

"म्हणजे तुमच्या वडिलांची आई?"

"व्हय. अंबूबाई."

मग त्यानं सांगितलं, आणि मला ते निम्मं आधीच कळलं होतं, कारण कोल्हापुरात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. दादासोचे वडील भावांत थोरले. पाठचे चार भाऊ थोरल्याच्या बायकोला, बायडाबाईला, वैनी म्हणायचे. दादासो बोलायला शिकला तेव्हा घरात दिवसभर तीच हाक कानावर यायची, मग तोही वैनीच म्हणायला लागला आणि त्याच्या पाठच्या बहिणीही. आई म्हणायची ती घरातली सगळ्यांत थोरली, आजोबांची बायको. चुलते तिला आई म्हणायचे, सुना आई म्हणायच्या, नातवंडंही आईच म्हणायची.

"असं करू या," मी म्हटलं. मला वाटलं, केवढी मोठी युक्ती सुचली. "गेल्या वर्षी गेली ती आजी होती, चुकून आई म्हणालो, एवढं लिहून द्या. माणसाची चूक होते. समज मिळेल आणि मिटेल."

"चुकून कसं म्याडम? म्या तिला आईच म्हणत हुतो. आजी हा शबुद आमच्या घरात कवा निघालाच न्हाय. वैनीनं जल्म दिला, पर वैनी दिसभर रानात. मला न्हाऊ घातलं, भरवलं, शाळंत सोडलं ते आईनं. ती गेली तवा म्या डोस्कं भादरलं." त्यानं पत्र माझ्या हातात परत दिलं. "दोनी बी खरंच सांगितलंय. ह्यात खोटं कुठलं ते दावा, त्याच्यावर सही करतो."

मी पुण्याला फोन लावला.

राजवीर सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा हाच गुण मला सहन होत नाही. माणूस मध्येच तोडून बोलला तर भांडता तरी येतं.

"निशा, लोकल कल्चर मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण सिस्टीममध्ये एका माणसाला एकच आई असते."

"सर, आमच्याकडं दोन असतात. आणि जन्म दिलेलीला बरेचदा आई म्हणत नाहीत. आक्का म्हणतात, काकू म्हणतात, बाई म्हणतात, वैनी म्हणतात. माझे स्वतःचे वडील त्यांच्या आईला आक्का म्हणायचे. सीमेकडच्या गावांत आव्वा म्हणतात. मशिन शॉपमध्ये फिरून विचारा, प्रत्येकाचं वेगळं निघेल."

"मग डॉक्युमेंट?"

"त्याच्या शाळेच्या दाखल्यावर फक्त बापाचं नाव. आधारवर बापाचं नाव. रेशनकार्ड आजोबांच्या नावावर होतं, त्यात बायडाबाई 'सून' आहे. आणि सर, मृत्यूचा दाखला त्यानं गेल्या वर्षीच सोबतीला पाठवलाय. अंबूबाई, वय चौऱ्याण्णव. दादासो तेव्हा बेचाळीस वर्षांचा. म्हणजे बावन्नाव्या वर्षी बाळंतपण झालं? तुमच्या यंत्राला तेव्हा काही खटकलं नाही?"

"वयावरून आपण प्रश्न उपस्थित करत नाही. ते डिस्क्रिमिनेशन होतं."

मी फोन कानापासून लांब धरला आणि भिंतीकडं बघितलं. भिंतीवर 'आम्ही ऐकतो' असं पोस्टर आहे. पुण्याहूनच आलंय.

"तुम्ही केबिनमध्ये बसून मंजूर करून टाका ना सर. एक बटण दाबायचंय."

"ओव्हरराइड आता माझ्याकडंही नाही. तीच तर ब्यूटी आहे," ते म्हणाले. "पण एक करता येईल. लाइव्ह व्हेरिफिकेशन. पेशंटसमोर मोबाईल धरायचा, सोबती तिला नातं विचारेल. तिनं सांगितलं 'मी आई', की फ्लॅग निघाला. साधं आहे. फक्त दोन संधी मिळतात, कारण लोक पढवतात."

आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण साधं आहे म्हणाले, म्हणून मीही साधं समजले.

रविवारी सकाळी मी कोल्हापुरातल्या त्या दवाखान्यात गेले. दादासो वॉर्डाच्या दारातच उभा होता. आत खाटेवर बायडाबाई. काटक, लहानशी बाई, हातात सलाईन. मला बघून तिनं उठायचा प्रयत्न केला.

"पडून राहा मावशी," मी म्हटलं.

"ह्या आमच्या कंपनीच्या म्याडम, वैनी," दादासो म्हणाला.

"बसा बाई. च्या सांग रं म्याडमास्नी," ती म्हणाली. दवाखान्यात झोपलेली, उद्या ऑपरेशन, आणि पाहुणीला चहा नाही म्हणून तिचा जीव वरखाली. माझ्यासाठी तिनं पाय आखडून खाटेवर जागा केली.

दादासोनं तिला समजावलं. फोनातली एक बाई विचारेल, तुमी ह्याच्या कोण. तू सांगायचं, आई. बास.

"येवढंच? सांगते की," बायडाबाई म्हणाली. "त्यात काय अवघड हाय?"

त्यानं मोबाईल तिच्यासमोर धरला. आपला चेहरा पडद्यावर बघून ती जरा लाजली, केस मागं सारले.

"नमस्कार! कृपया आपले नाव सांगा."

"बायडाबाई."

"धन्यवाद बायडाबाई. आपण दादासो यांच्या कोण?"

बायडाबाईनं घसा साफ केला आणि शाळेत कविता म्हणावी तशी खणखणीत आवाजात म्हणाली, "म्या वैनी त्याची."

दादासोनं कपाळावर हात मारून घेतला.

"प्रतिसाद जुळला नाही. एक संधी शिल्लक आहे."

"तोंडात बसलंय रं ते," बायडाबाई कावरीबावरी झाली. "जल्मभर तेच ऐकलंय. आता न्हाय चुकायची, आता इचार."

या बाईची छाती उद्या उघडणार आणि इथं आम्ही तिची तोंडी परीक्षा घेतोय, याची मला लाज वाटत होती. नर्स दोनदा येऊन बघून गेली. तिला काय सांगायचं, की पेशंट पोराची आई आहे का हे कंपनी तपासतेय?

"आपण दादासो यांच्या कोण?" बाईनं पुन्हा विचारलं.

बायडाबाई थांबली. ओठ हलले, पण शब्द येईना. मग दादासोला राहवलं नाही. मोबाईललाही ऐकू जावं म्हणून तो वाकून, त्याच्या त्या आवाजात म्हणाला, "आई! ए आई! सांग की हिला!"

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. बायडाबाई दचकली. पण तिनं दादासोकडं बघितलंच नाही. ती दाराकडं बघत होती. सलाईन लावलेल्या हातानं तिनं चाचपडत उशीवरचा पदर ओढला, डोक्यावर घेतला आणि कोपरावर भार देऊन उठायला लागली.

"आल्या व्हय आई?" ती म्हणाली. "मला उठीव की रं. आडवी पडलीया म्या."

दादासोनं तिला धरलं. दारात कुणीच नव्हतं. तिच्या ते ध्यानात आलं आणि ती हळूच मागं टेकली, पण पदर तसाच राहू दिला.

"प्रतिसाद जुळला नाही. आपली विनंती बंद करण्यात येत आहे," बाई म्हणाली. "आजचा आपला अनुभव कसा होता?" आणि पडद्यावर पाच चेहरे आले, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत.

मी सगळ्यांत रडका चेहरा दाबला. इतक्या जोरात, की काच फुटली असती तर बरं वाटलं असतं. फोनातल्या बाईनं माझे आभार मानले.

"माझं चुकलं व्हय बाई?" बायडाबाईनं मला विचारलं.

"तुमचं काही चुकलं नाही मावशी."

"गैरहजर लिवा म्याडम," दादासो म्हणाला. तो खाटेच्या कडेवर बसला होता. "चौकशी लावू द्यात. म्या हितनं हालणार न्हाय. आन सही बी करणार न्हाय."

सोमवारी सकाळी तो दवाखान्यात होता आणि मी कागलला माझ्या पडद्यासमोर. पडद्यावर लिहिलं होतं, 'खोटी माहिती सिद्ध झाली आहे. कर्मचाऱ्यास पत्र द्यावे.' खाली एकच बटण, 'मान्य'. 'अमान्य' असं बटण कुठं आहे म्हणून मी सगळा पडदा धुंडाळला. ते कुणी केलेलंच नाही. मी हात मांडीवर ठेवून बसले. थोड्या वेळानं माझ्याच नावापुढं पिवळी निशाणी आली, की आपण निर्णयास विलंब करत आहात. मग राजवीर सरांचा फोन आला.

"निशा, केस पेंडिंग दिसतेय."

"व्हिडिओ बघितला का सर?"

"सिस्टीमनं ॲनलाइज केलाय."

"सिस्टीमनं ऐकलाय. तुम्ही डोळ्यांनी बघा. ती पदर घेते तिथं बघा."

"पदर?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हो, पदर! पोरानं 'आई' म्हणून हाक मारली आणि त्या बाईनं पदर घेतला. पोरासाठी कुठली आई डोक्यावर पदर घेते? सासू आली म्हणून घेतला तिनं. त्या घरात आई म्हणजे तिची सासू. त्या सासूच्या थोरल्या लेकाची ही बायको, आणि दादासो त्याच थोरल्याचा पोरगा. मग त्याची ती कोण? ह्याच्यापेक्षा मोठा पुरावा तुम्हाला कुठल्या कोर्टात मिळणार आहे? आणि ऐका सर, त्या पत्रावर मी सही घेणार नाही. तुम्ही कागलला या, त्याच्यासमोर बसा आणि घ्या. येताना खुर्ची मात्र बरोबर आणा, इथली तुम्ही नेलीय."

मी फोन ठेवला. नोकरी जाते की काय असंही वाटलं, आणि गेली तर गेली असंही.

दुपारी ऑपरेशन नीट झाल्याचा दादासोचा फोन आला. तो फोनवर रडत होता आणि ओरडत होता. मी डोळे पुसतेय तोवर पुण्याचा फोन आला.

"निशा, इट्स गोल्ड!" राजवीर सरांचा आवाज आनंदानं फुलला होता. "मी तीनदा पाहिला व्हिडिओ. सोबती बनवणाऱ्या व्हेंडरला पाठवला. ते म्हणाले, असा डेटा त्यांना कुठंच मिळत नाही. पुढच्या व्हर्जनमध्ये हावभावावरून नातं ओळखता येईल. तुमचं नाव मी रेकमेंड केलंय."

"पत्राचं काय?"

"पत्र? हां, ते रद्द. व्हेंडर बॅकएंडला करेक्शन टाकतोय. रजाही मिळून जाईल."

"त्या माणसाला कुणी सॉरी म्हणणार आहे का?"

"सोबती पाठवेल ना मेसेज."

जिंकले म्हणायचं तर जिंकले होते. पण दगडावर डोकं आपटल्यावर दगडानं, वा, काय छान आवाज येतो, असं म्हणावं, तसं मला झालं होतं.

बायडाबाई सावरल्यावर मी पुन्हा भेटायला गेले. ती उशीला टेकून बसली होती. दादासोची दाढी वाढली होती पण चेहरा मोकळा होता. पत्र रद्द झाल्याचं मी कँटीनमध्ये सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलंय, आता कुणी हसत नाही, असं मी त्याला सांगितलं. "लई उपकार झालं," तो म्हणाला. या वेळी चहा आधीच मागवून ठेवला होता. मी पहिला घोट घेतला आणि दादासोचा मोबाईल वाजला. सोबती.

"तुमीच लावा म्याडम," तो म्हणाला. "माझा हिच्यावरनं इस्वास उडालाय."

मी आवाज सुरू केला.

"अभिनंदन दादासो! आपल्या नोंदींमध्ये दुरुस्ती करण्यात आली आहे. बायडाबाई, नाते, आई. आपली काळजी-रजा मंजूर झाली आहे. अंबूबाई, नाते, आजी. आजी या नात्यासाठी शोक-रजा लागू नसल्याने गेल्या वर्षीची रजा रद्द करण्यात येत आहे. आम्ही सदैव आपल्या सोबत आहोत."

"आजी?" दादासो म्हणाला. कुणा परक्या बाईचं नाव विचारावं तसा म्हणाला. "आजी कोण?"

मी कप खाली ठेवला. रजा रद्द झाल्याचं त्याच्या कानात शिरलंच नव्हतं. तो त्या एका शब्दाशीच थांबला होता. हे मीच त्याला लिहून द्यायला सांगत होते आणि त्यानं नाही म्हटलं होतं. शेवटी आम्ही ते त्याच्या नकळत लिहून टाकलं.

"काय म्हणत्या रं ती बाई?" बायडाबाईनं विचारलं.

दादासो तिच्याकडं बघून हसला. पण ते हसू पुरतं आलं नाही. "तू माझी आई झालीस म्हणं. कंपनीच्या कागदावर."

बायडाबाईचा हात पदराकडं गेला, पण तिथंच थांबला.

"मग आईस्नी कुठं घातलं त्यांनी?" ती म्हणाली.

दादासोनं माझ्याकडं बघितलं. बायडाबाईनंही बघितलं. कंपनीची बाई मीच होते, तेव्हा उत्तर मीच द्यायला हवं होतं.